इशारा आला, आता कुठे जायचं?

एका दुपारी ऑफिसात मीटिंग चालू असताना खोलीतल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम ओरडले. तो नेहमीचा रिंगटोन नव्हता, अंगावर येणारा, कर्कश, लांबलचक आवाज होता, आणि सायलेंटवर ठेवलेले फोनसुद्धा त्यात सामील. सगळ्यांनी स्क्रीन बघितली, आपत्तीचा इशारा होता, कुणीतरी म्हणालं "टेस्ट आहे, टेस्ट", प्रत्येकाने अंगठ्याने ओके दाबलं आणि मीटिंग जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. मीही ओके दाबलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, की ती टेस्ट नसती तर मी उठून नक्की काय केलं असतं? कुठल्या जिन्याने गेले असते, की जायचंच नव्हतं, टेबलाखाली बसायचं होतं? आई घरी एकटी असते, तिचे गुडघे दुखतात, तिला कोण सांगणार होतं? मला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना, आणि ते मला फार लागलं.

त्या रात्रीपासून मी या विषयावर वाचत सुटले. ज्वालामुखी, त्सुनामी, भूकंप, चक्रीवादळं, त्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवणारी माणसं, आणि त्यांचं ऐकणारी किंवा न ऐकणारी गावं. वाचलेलं बरंचसं विसरले असेन, पण काही गोष्टी अशा बसल्यात मनात की लिहून काढल्याशिवाय सुटका नाही.

पहिली आर्मेरोची. कोलंबियामधलं हे गाव, नेवाडो देल रुईझ नावाच्या बर्फाच्छादित ज्वालामुखीपासून सत्तरेक किलोमीटर दूर. इतकं दूर की तिथल्या माणसांना डोंगराची भीती वाटण्याचं कारणच नव्हतं. १९८५ साली डोंगर कुरकुरायला लागला. शास्त्रज्ञ आले, यंत्रं मोजकी होती आणि तीही उशिरा पोचलेली, पण त्यांनी ऑक्टोबरमध्ये धोक्याचा नकाशा तयार केला. आणि त्या नकाशात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात होतं! कारण १५९५ आणि १८४५ मध्ये हाच डोंगर जागा झाला होता तेव्हा चिखलाचे लोंढे याच नदीच्या वाटेने खाली आलेले होते, १८४५ चा लोंढा जिथे पसरला होता त्याच जमिनीवर पुढे हे गाव वसलं. काहींनी नकाशा उगाच घाबरवणारा आहे म्हणून टीका केली. १३ नोव्हेंबरला दुपारी राख पडायला लागली, लोकांना सांगण्यात आलं की शांत रहा, घरात थांबा. रात्री नऊच्या सुमाराला स्फोट झाला, स्फोट तसा फार मोठा नव्हता, पण त्याच्या उष्णतेने शिखरावरचं बर्फ वितळलं, आणि ते पाणी राख, माती, दगडधोंडे पोटात घेत नदीच्या खोऱ्यातून खाली निघालं. अशा लोंढ्याला लाहार म्हणतात, ओल्या काँक्रीटची नदी समजा. तो आर्मेरोत पोचला रात्री साडेअकराच्या आसपास.

म्हणजे मध्ये दोन तासांहून जास्त वेळ होता. उंच जमीन पायी गाठता येईल इतक्या अंतरावर होती. त्या रात्री साधारण २३,००० माणसं गेली.

मी हे वाचून लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. आपल्याला वाटतं संकट म्हणजे अचानक कोसळतं, कुणालाच कल्पना नसते, काय करणार बिचारे. इथे कल्पना होती, कागदावर रंगवून दाखवलेली होती. बॅरी व्हॉइट या ज्वालामुखीतज्ज्ञांनी नंतर या घटनेचा सगळा मागोवा घेतला आणि त्यांचा निष्कर्ष असा, की यंत्रांनी किंवा विज्ञानाने दगा दिला असं झालेलं नाही, माणसांच्या चुकांवर चुका साचत गेल्या, निर्णय लांबत गेले, आणि जे पाऊल उचलायला खर्च आणि गैरसोय होणार होती ते कुणीच वेळेत उचललं नाही.

आता ही माणसं डोंगराचं ऐकतात कसं, हेही मला आधी नीट माहीत नव्हतं. भूकंपमापक यंत्राची मूळ कल्पना इतकी साधी आहे की कळल्यावर आनंद झाला. एक वजन टांगून किंवा स्प्रिंगवर ठेवायचं. जमीन हलली की यंत्राची चौकट जमिनीबरोबर हलते पण वजन आपल्या जागी राहू बघतं, आणि त्या दोघांमधला फरक नोंदवायचा. बस. ज्वालामुखीच्या पोटात खडक तडकतात तेव्हा येणारे धक्के वेगळे दिसतात आणि वायू किंवा तप्त रस चिंचोळ्या वाटेतून सरकतो तेव्हा येणारे वेगळे, हे दुसरे संथ, लांब, घुमल्यासारखे असतात, आणि ते वाढायला लागले की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शिवाय डोंगर फुगतो. त्याचा उतार मोजणारी यंत्रं इतकी हळवी असतात की एक किलोमीटर लांबीची दांडी घेऊन तिचं एक टोक एक मिलिमीटर उचललं तरी त्यांना कळेल. हवेतला गंधकाचा वायू मोजतात. सॅटेलाइटवरच्या रडारने जमिनीची उंची पुन्हा पुन्हा मोजतात. पण या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट कुठल्याच यंत्राची नाही, ती अशी की डोंगर शांत असताना वर्षानुवर्षं त्याचं ऐकत बसावं लागतं. त्याची रोजची नाडी माहीत नसेल तर ताप आलाय हे कशावरून ओळखणार? आणि जेव्हा काहीच घडत नाही तेव्हाच्या कामाला पैसे मिळवणं सगळ्यात अवघड असतं.

दुसरी गोष्ट तीन ज्वालामुखींची आहे, आणि ती मी एकाच धाग्यात वाचली म्हणून तशीच सांगते.

१९८० च्या वसंतात अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सची उत्तरेची बाजू रोज दीड-दोन मीटरने बाहेर फुगत होती. जवळच्या एका कड्यावरच्या ठाण्यावर हॅरी ग्लिकन नावाचा तरुण संशोधक मोजमापं घेत बसला होता. १७ मेला त्याला दुसऱ्या कामासाठी जावं लागलं, त्याच्या जागी डेव्हिड जॉन्स्टन आला, वय ३०. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी तो फुगलेला उतार सरकला आणि डोंगर आडवा फुटला. जॉन्स्टनने रेडिओवर, व्हँकुव्हर शहरातल्या आपल्या केंद्राला, "व्हँकुव्हर! व्हँकुव्हर! हेच ते!" एवढंच म्हटलं. तो पुन्हा सापडला नाही. त्या दिवशी ५७ जण गेले. पण आकडा एवढाच राहिला याचं एक कारण म्हणजे डोंगराभोवतीचा भाग बंद ठेवला होता, आणि तो बंद ठेवा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत जॉन्स्टन होता. लोक वैतागलेले होते, आमच्या घरी जाऊ द्या म्हणून भांडत होते, शनिवारी काहींना सामान आणायला सोडलंही होतं, आणि रविवारी सकाळी दहाला दुसरी तुकडी जाणार होती. स्फोट दीड तास उशिरा झाला असता तर...

ग्लिकनने पुढची कितीतरी वर्षं त्याच डोंगराच्या ढासळण्याचा अभ्यास केला. आपल्या जागी दुसरा माणूस गेला हे मनात ठेवून कुणी अकरा वर्षं कसं जगतं, मला कल्पना करवत नाही. ३ जून १९९१ ला जपानच्या उनझेन ज्वालामुखीवर तप्त राखेच्या लोटात तोही गेला. त्याच्याबरोबर कातिया आणि मॉरिस क्राफ्ट हे फ्रेंच जोडपं होतं. या दोघांनी आयुष्यभर ज्वालामुखींचं अगदी जवळून चित्रीकरण केलं, आणि आर्मेरोनंतर त्यांनी ठरवलं की लोकांना हे धोके डोळ्यांनी दिसले पाहिजेत. शब्दांत "लाहार" म्हणून काही कळत नाही, वाहताना दाखवायला हवा.

आणि त्याच दिवसांत फिलिपिन्समध्ये पिनातुबो जागा होत होता. सुमारे पाचशे वर्षं झोपलेला डोंगर, म्हणजे आजूबाजूच्या लाखो लोकांच्या लेखी तो ज्वालामुखी नव्हताच, नुसता जंगलाचा डोंगर. एप्रिलमध्ये वाफेचे स्फोट झाले. तिथले भूकंप आणि ज्वालामुखी खात्याचे प्रमुख रेमुंडो पुनोंगबायान यांची टीम कामाला लागली, आणि अमेरिकेतून एक छोटं पथक पेट्यांमध्ये यंत्रं भरून मदतीला आलं. हे पथक म्हणजे आर्मेरोनंतर, १९८६ मध्ये, पुन्हा असं होऊ नये म्हणून उभं केलेलं. मे महिन्यात दोन आठवड्यांत गंधकाचा वायू दिवसाला ५०० टनांवरून ५,००० टनांवर गेला. पण बाहेरच्या माणसाला टनांनी काय कळणार? मग त्यांनी पाच पायऱ्यांचा साधा इशारा बनवला, एक ते पाच, प्रत्येक आकड्याला काय होऊ शकतं ते स्पष्ट. आणि क्राफ्ट जोडप्याने चित्रित केलेला व्हिडिओ अधिकाऱ्यांना, गावकऱ्यांना, लष्करी तळावर, जिथे जमेल तिथे दाखवत सुटले. तो बघून लोकांचे चेहरे बदलले म्हणतात. दाखवणं चालू होतं त्याच काळात तो बनवणारे दोघं उनझेनवर गेले, आणि बारा दिवसांनी, १५ जूनला, पिनातुबो फुटला. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी एक, वर त्याच दिवशी टायफून आलेला, पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरं कोसळली आणि त्यात माणसं गेलीही. पण दहा, वीस, तीस, शेवटी चाळीस किलोमीटर असं वर्तुळ वाढवत हजारो लोकांना आधीच हलवलं होतं, आणि निदान ५,००० जीव वाचले असा अंदाज आहे.

मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा येते कारण आर्मेरोत नकाशा होता आणि इथेही नकाशा होता. इथे तो घेऊन कुणीतरी दारोदार गेलं.

पण मग दुसरी बाजू. १९७६ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर ज्वालामुखी धुमसायला लागला, शास्त्रज्ञांत जाहीर भांडणं झाली, सत्तर हजारांहून जास्त लोकांना काही महिने घराबाहेर ठेवलं, आणि मोठा उद्रेक झालाच नाही. ज्यांनी दुसऱ्याच्या आसऱ्याला महिने काढले, ज्यांचा धंदा बसला, त्यांना पुढच्या वेळी कसं सांगायचं की उठा? मला वाटतं आपण फुकट गेलेल्या इशाऱ्यावर फार कठोर होतो. डॉक्टरने तपासणीला पाठवलं आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर आपण देवाचे आभार मानतो, हवामानवाल्यांनी हलायला सांगितलं आणि वादळ वळलं तर त्यांना शिव्या देतो.

आणि याच भीतीपोटी उलटी चूकही होते. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ च्या सुरुवातीला महिनोन्‌महिने छोटे धक्के बसत होते. घाबरलेल्या लोकांना धीर देण्यासाठी एका सरकारी अधिकाऱ्याने मुलाखतीत सांगितलं की धोका नाही, उलट छोट्या धक्क्यांनी ऊर्जा निघून जातेय. शास्त्र असं सांगत नाही. त्या गावात जुन्या लोकांची रीत होती की धक्का बसला की रात्र उघड्यावर काढायची. ५ एप्रिलच्या रात्री धक्का बसला, तरी धीर मिळालेले काहीजण घरात झोपले, आणि ६ तारखेला पहाटे साडेतीनच्या सुमाराला मोठा भूकंप आला. ३०९ माणसं. पुढे सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. तेव्हा जगभर बोललं गेलं की भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकतायत. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा होता. भूकंप कधी येणार हे आज कुणालाही सांगता येत नाही, आणि ते "सांगता येत नाही" हेच लोकांना स्वच्छ शब्दांत सांगायला हवं होतं. त्या वाक्याने माणूस घाबरतो, मान्य, पण घाबरलेला माणूस निदान रात्री बाहेर झोपतो.

कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डची गोष्ट यात फार बोलकी आहे. तिथे ठरावीक वर्षांनी भूकंप येतो असं दिसत होतं, म्हणून १९८५ मध्ये भाकीत केलं की १९९३ च्या आत येईल, आणि जमिनीत दाटीवाटीने यंत्रं पेरून ठेवली. आला २००४ मध्ये. बाकी सगळं साधारण अपेक्षेसारखं, फक्त वेळ अकरा वर्षांनी चुकली!

मग भूकंपात उरतात ते सेकंद. भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या, आधी येणारी हलकी लाट सेकंदाला सहाएक किलोमीटर, मागून येणारी, खरी मोडतोड करणारी, त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त वेगाची. केंद्राजवळच्या यंत्राने पहिली पकडली की रेडिओने किंवा केबलने संदेश पुढे धाडायचा, तो लाटेच्या कितीतरी आधी पोचतो. मेक्सिको सिटीला दूरच्या किनाऱ्यावरच्या भूकंपाचा असा मिनिटभर आधी भोंगा मिळतो. पण १९ सप्टेंबर २०१७ ला केंद्र शहराच्या जवळ होतं, भोंगा वाजेपर्यंत जमीन हलायलाच लागली होती. त्याच दिवशी सकाळी अकराला, १९८५ च्या भूकंपाच्या स्मृतिदिनाची, सगळ्या शहराने रंगीत तालीम केली होती. दोन तासांनी खरा आला. तेव्हा कामाला आलं ते अंगात मुरलेलं.

जपानचं अजून एक. ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा गेला, तीन मिनिटांत! पण इतक्या प्रचंड भूकंपाचं माप इतक्या लवकर नीट घेता येत नाही, पहिला अंदाज ७.९ चा आला, खरा होता ९. त्यामुळे इवाते प्रांताला सांगितलं गेलं तीन मीटर लाट येईल. पंचवीसेक मिनिटांनी आकडा वाढवला, तोवर वीज गेलेली, सगळ्यांपर्यंत पोचलाच नाही. तीन मीटर ऐकून संरक्षक भिंतीआड थांबलेले लोक होते. यातून जपानच्या हवामान खात्याने जे बदललं ते मला फार प्रामाणिक वाटतं, आता महाप्रचंड भूकंप असेल तर पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा देतच नाहीत, सरळ "प्रचंड" एवढाच शब्द. आपल्याला माहीत नसलेला आकडा सांगायचा नाही आणि तरी पळा म्हणायचं.

त्याच इवातेमधल्या कामाइशी शहरात शाळेतली जवळजवळ तीन हजार मुलं वाचली. तोशिताका काताडा नावाचे प्राध्यापक त्यांना आधीची काही वर्षं शिकवत होते, आणि त्यांची पहिली शिकवण काय, तर नकाशावर विसंबून राहू नका! धोक्याचा नकाशा हातात देऊन म्हणायचं की हा चुकू शकतो. त्या दिवशी शहराच्या उनोसुमाई भागातली मोठी मुलं स्वतःहून पळत सुटली, त्यांना बघून शेजारच्या शाळेतली छोटी मुलं निघाली, ठरलेल्या जागेवर पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला म्हणून आणखी वर गेली, धाकट्यांचे हात धरून. ती ठरलेली जागा नंतर पाण्याखाली गेली.

आणि यंत्र नसेल तर? २६ डिसेंबर २००४ ला हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी व्यवस्थाच नव्हती, पॅसिफिकमध्ये ती १९४९ पासून होती. दोन लाखांहून जास्त माणसं गेली. पण सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर, भूकंपाच्या केंद्राच्या अगदी नजीक, पाऊण लाखाहून जास्त वस्तीत फक्त सात जण गेले. त्यांच्याकडे एक शब्द होता, स्मोंग. १९०७ मध्ये त्या बेटावर त्सुनामीने हाहाकार केला होता, आणि तेव्हापासून आजी-आजोबा गोष्टींतून, अंगाईगीतांतून सांगत आले की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला तर काही उचलायला थांबू नका, डोंगराकडे पळा. कुणीतरी "स्मोंग!" ओरडलं की बास. शंभर वर्षं एका शब्दात धोक्याचा नकाशा जपून ठेवलेला. मला हा शब्द माहीत झाल्यापासून मी अंगाईगीतांकडे वेगळ्याच नजरेने बघते.

बांगलादेशचं थोडक्यात सांगते, खरं तर त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. वादळ येतंय हे आधी कळलेलं होतं, पण किनाऱ्यावरच्या माणसाला ते कळून त्याने जायचं कुठे? नंतर स्वयंसेवकांची फौज उभी राहिली, आज ७० हजारांहून जास्त, मेगाफोन आणि झेंडे घेऊन घराघरात जाणारी, आणि त्यात बायका मुद्दाम मोठ्या संख्येने घेतल्या, कारण १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्या होत्या, परक्या पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्याला जायला त्या कचरत होत्या. लोक गुरं सोडून निघत नाहीत हे ओळखून गुरांसाठी मातीचे उंचवटे बांधले, त्यांना तिथे "किल्ला" म्हणतात. आपलाच शब्द, आणि आत गाई-म्हशी. २०२० च्या अंफान चक्रीवादळात वीस लाखांहून जास्त लोक हललेले होते, आणि तिथल्या मृतांची संख्या दोन आकडीच राहिली. गायीचं काय करायचं हा प्रश्न ज्याला पडला तो माझ्या लेखी वादळाचा मार्ग शोधणाऱ्याइतकाच मोठा शास्त्रज्ञ.

हे सगळं वाचत असताना एका रविवारी मी आईला घेऊन बसले. तिला सांगितलं की भूकंप असेल तर जिन्याकडे धावायचं नाही, त्या जड टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, पाय घट्ट धरायचे टेबलाचे, थांबेपर्यंत. पाणी चढत असेल तर खाली जायचं नाही, वर, गच्चीकडे. आग किंवा वायुगळती असेल तर काय ते वेगळं. ती म्हणाली, "अगं, मग प्रत्येक वेळी वेगळंच!" हो, वेगळंच. माझ्या त्या रात्रीच्या प्रश्नाला एक उत्तर नव्हतंच, म्हणून तर सापडत नव्हतं. तिच्या गुडघ्यांना टेबलाखाली बसायला किती वेळ लागतो ते आम्ही बघितलं, दुसऱ्यांदा कमी लागला. गच्चीची किल्ली कुणाकडे असते तेही विचारून आले, आणि तिची एक प्रत आता आमच्या दाराशी टांगलेली आहे. चष्मा, औषधं, टॉर्च एका पिशवीत.

परवा पुन्हा तो आवाज आला. मी घरीच होते, सवयीने हात ओके कडे गेला. आतून आईचा आवाज आला, "थांब, बंद नको करूस. आधी वाच, कसला आहे? पाण्याचा की भूकंपाचा?" मी वळून बघितलं तर ती पिशवी खांद्याला लावून टेबलाला टेकून उभी होती, माझ्या उत्तराची वाट बघत.